खुलासा : भाव उतरवला की विक्री वाढते, पण नफा?

‘भाव 10 टक्के उतरवा, विक्री 10 टक्के वाढली की हिशेब बरोबर,’ असा सल्ला धंद्याच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतो. दोन्हीकडे 10 आहे, त्यामुळे तो पटतोही. पण सूट विक्रीच्या भावावर बसते आणि ती पूर्णच्या पूर्ण नफ्यातून जाते.

समजा, यवतमाळकडचा एखादा बचत गट तुरीची डाळ 120 रुपये किलोने विकतो. तूर, भरडाई, पिशवी मिळून किलोमागे खर्च 100. महिन्याला 500 किलो खपते, भाडं वगैरे बांधील खर्च 4,000. नफा 6,000.

आता भाव 108 केला, विक्री 550 किलो झाली. किलोमागे उरतात 8 रुपये, म्हणजे 4,400. भाडं वजा जाता हाती फक्त 400. जुना नफा टिकवायला 1,250 किलो, म्हणजे अडीचपट डाळ विकावी लागेल. तेवढं गिऱ्हाईक आठवडी बाजारात आहे का, हा खरा प्रश्न.

पडताळायला मोबाईलवरची स्प्रेडशीट पुरते. एकाखाली एक चार खाने: भाव, किलोमागे खर्च, किलो, बांधील खर्च. पाचव्यात सूत्र: भावातून खर्च वजा, गुणिले किलो, वजा बांधील खर्च. मग फक्त भाव आणि किलो बदलत जा, नफा आपोआप बदलतो. आकडे मात्र स्वतःच्या वहीतलेच घाला.

नासणाऱ्या मालाचं गणित वेगळं. उद्या फेकावी लागणारी संत्री आज स्वस्तात विकणं योग्यच, कारण त्यांचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो.