फोल्कलिंगन लोहकारखाना

जर्मनीच्या सारलँड राज्यात, सार नदी आणि लोहमार्गालगत उभा असलेला बंद लोहकारखाना. येथे 1883 ते 1986 या काळात झोतभट्ट्यांतून, म्हणजे खालून दाबाने हवा फुंकून खनिज वितळवणाऱ्या उंच भट्ट्यांतून, कच्चे लोखंड काढले जात होते. युनेस्कोने 1994 मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेत एकात्मिक लोहकारखान्याची (लोखंड बनवण्याचे सारे टप्पे एकाच आवारात असलेल्या कारखान्याची) जुनी मांडणी पूर्णपणे शाबूत राहिलेले हे एकमेव उदाहरण मानले जाते. वास्तुकलेच्या अभ्यासकांना त्याचे आकर्षण वेगळ्याच कारणाने आहे. दर्शनी भाग, प्रवेशद्वार, मुख्य इमारत असे येथे जवळजवळ काही नाही. खनिज, कोक (दगडी कोळसा भाजून केलेले इंधन), हवा, वायू आणि पाणी ज्या वाटांनी फिरले, त्या वाटाच येथे वास्तू झाल्या आहेत.

यूलियुस बुख यांनी 1873 मध्ये येथे काढलेला कारखाना 1879 मध्ये बंद पडला. कार्ल रोख्लिंग यांनी तो 1881 मध्ये विकत घेतला आणि दोन वर्षांत पहिली झोतभट्टी पेटवली. सारचा कोळसा हाताशी होता. शेजारच्या लॉरेन प्रांतातले (आज फ्रान्समध्ये) ‘मिनेट’ हे लोहखनिजही फार दूर नव्हते, पण ते हलक्या प्रतीचे होते. त्यात लोह जेमतेम 30 टक्क्यांच्या आसपास, शिवाय फॉस्फरस भरपूर. 1870 च्या दशकाच्या अखेरीस थॉमस पद्धत आली आणि फॉस्फरसयुक्त लोखंडापासून चांगले पोलाद बनवता येऊ लागले. लोहाचे प्रमाण मात्र वाढणार नव्हते. एक टन लोखंडासाठी तीन टनांहून अधिक खनिज, आणि वर कोक, एवढा माल भट्टीच्या तोंडाशी चढवावा लागे. येथील कोठारे आणि वाहतूक यंत्रणा एवढी अवाढव्य का, याचे उत्तर या हिशेबात आहे.

सहा झोतभट्ट्या एका रांगेत आहेत. त्यांची तोंडे 27 मीटर उंचीवरच्या एका सलग फलाटाने जोडलेली आहेत. 1911 च्या सुमारास येथे विजेवर चालणारी झुलत्या डब्यांची वाहतूक सुरू झाली. तिच्या काळात ती या प्रकारातल्या सर्वांत मोठ्या यंत्रणांपैकी एक होती. कोठाराच्या तळाशी खनिजाच्या कप्प्याचे झाकण उघडायचे, रुळाला टांगलेला डबा भरायचा, की तो तिरक्या चढावरून फलाटावर जाई. तेथे कामगार तो ढकलत भट्टीच्या तोंडावर नेऊन रिकामा करत. वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड तेथे गळत असे, त्यामुळे हे काम जिवावरचे होते. खालून पाहणाऱ्याला ही सारी मांडणी लोखंडी जंजाळ वाटते. डब्याची वाट डोळ्यांनी धरून ठेवली की ती उलगडत जाते.

वजनाने मोजले तर झोतभट्टीत सर्वांत जास्त जाते ती हवा, खनिज नव्हे. ती तळाजवळच्या नळ्यांतून दाबाखाली आत शिरते, कोक जाळते, आणि कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू होऊन माथ्यावरून बाहेर पडते. हा वायू जळू शकतो. जुन्या भट्ट्या तो सरळ आभाळात सोडत. फोल्कलिंगनमध्ये मात्र माथ्यावरून खाली उतरणाऱ्या जाड नळांनी तो गोळा केला जाई. त्यात धूळ फार असे. पाण्याने धुण्याऐवजी कापडी गाळण्यांतून ती काढण्याची कोरडी पद्धत येथे 1911 मध्ये बसवली गेली, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावर ती जगात प्रथमच वापरात आली.

स्वच्छ झालेल्या वायूचा एक वाटा घुमटाकार माथ्याच्या उंच तापकांत जाई. आतल्या विटांची जाळी त्या ज्वाळांनी तापायची. मग वायू बंद करून त्याच विटांमधून भट्टीकडे जाणारी हवा सोडायची. एक तापक तापत असताना दुसरा हवा गरम करत असे. वायूचा दुसरा वाटा जाई धमनगृहात. तेथे एका सिलिंडरमध्ये भट्टीचाच वायू जळे आणि त्याच दांड्यावरचा दुसरा दट्ट्या भट्टीसाठी हवा दाबून पाठवी. लोहाराचा भाता त्याच्याच आगीने हलावा, तसा हा प्रकार. अजस्र गतिचक्रांची ही यंत्रे आजही जागेवर आहेत आणि त्याच दालनात आता संगीताचे कार्यक्रम होतात.

1897 मध्ये आवारातच कोकभट्ट्या आल्या. 1928 नंतर उभारलेल्या सिंटर संयंत्रात बारीक खनिज आणि गाळण्यांतली धूळ भाजून त्यांचे गठ्ठे केले जात व ते पुन्हा भट्टीत पडत. थंडाव्यासाठी लागणारे पाणी दाबाने मिळावे म्हणून 1918 मध्ये प्रबलित काँक्रीटचा जलमनोरा बांधला गेला. लोखंडाला नको असलेला फॉस्फरस थॉमस पद्धतीत मळीत (वितळलेल्या धातूवर जमणाऱ्या टाकाऊ थरात) उतरे आणि ती मळी दळून शेतखत म्हणून विकली जाई. नकोशा घटकाची एवढी चोख विल्हेवाट क्वचितच दिसते.

प्रवाहांच्या आराखड्यात माणसे सहसा दाखवत नाहीत. येथे ती वगळली तर नोंद खोटी ठरेल. 1965 च्या सुमारास येथे 17,000 जण कामाला होते. दोन्ही महायुद्धांत युद्धकैदी आणि सक्तीने आणलेल्या परदेशी मजुरांकडून हजारोंच्या संख्येने राबवून घेतले गेले. कारखान्याचे प्रमुख हेरमान रोख्लिंग यांना दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच लष्करी न्यायालयाने युद्धगुन्ह्यांसाठी दोषी ठरवले.

भट्ट्या विझल्यावर जतनाचा पेच उभा राहिला. सतत तापलेले आणि रोज दुरुस्त होणारे लोखंड एकाएकी थंड आणि ओले पडले, त्यामुळे गंजाशी झुंज हे येथील देखभालीचे कायमचे काम झाले आहे. कोकभट्ट्यांच्या भागात वाढलेली झाडे मात्र मुद्दाम राहू दिली आहेत. शेजारचा पोलाद कारखाना 1986 नंतरही चालू राहिला. त्याला लागणारे वितळलेले लोखंड सारलँडमधल्याच डिलिंगन गावच्या झोतभट्ट्यांतून बंद वाघिणींत भरून रेल्वेने येऊ लागले.