भोक लहान, जखम खोल

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. अशा अपघातांत बहुतेक करून मुका मार लागतो. कातडी फोडून वस्तू आत शिरते ती जखम, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पेनिट्रेटिंग इंज्युरी, आपल्याकडे त्यामानाने कमी दिसते. अमेरिकेत अशा जखमांत बंदुकीच्या गोळीचा वाटा मोठा, ब्रिटनमध्ये चाकूचा. लोकांच्या हाताशी जे असतं तेच अंगात घुसतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे बंदुकीला परवाना लागतो. शेतीच्या कोयत्याला कोण विचारतो?

कोल्हापुरात हाताशी काय काय असतं बघा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत कास्टिंगवरचं जादा लोखंड छिन्नीने उडवतात. ठोकून ठोकून छिन्नीचं डोकं भूछत्रासारखं पसरतं आणि एखाद्या घावाला त्याच्या कडेचा टवका उडतो. वजन नगण्य, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. बुबुळावरचा पारदर्शक पडदा भेदून तो कण थेट डोळ्याच्या आत जाऊ शकतो. कधीकधी भोक आपोआप मिटतं, नजरही सुरुवातीला ठीक असते, आणि कामगार ‘कचरा गेलाय’ म्हणून डोळा चोळत बसतो. नेमकं तेच करायचं नाही. डोळा दाबू नये, वर कागदी कप उपडा धरून दवाखाना गाठावा आणि ‘लोखंड ठोकत होतो’ हे आवर्जून सांगावं. कण आत राहिला तर लोखंड विरघळून दृष्टिपटल निकामी करू शकतं. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये तो सापडतो. एमआरआय मात्र नको, कारण त्यातल्या चुंबकाने कण आतल्या आत सरकतो.

गव्याचं शिंग हा राधानगरी-दाजीपूरकडचा प्रकार. मोठा नर ८०० ते १००० किलोंचा. शिंग घुसल्यावर जनावर मान झटकतं, त्यामुळे बाहेर एकच भोक आणि आत दोन-तीन दिशांना फाटलेलं मांस. अशा जखमेला वरवर टाके घालणारा डॉक्टर धोकादायक, मग तो कितीही प्रेमळ असो.

सळई किंवा कोयत्याचं टोक रुतलं असेल तर जागेवर उपसू नये. फाटलेली रक्तवाहिनी कदाचित त्यानेच दाबून धरलेली असते. मोठ्या माणसात रक्त जेमतेम पाच लिटर.

राहिला धनुर्वात. त्याचा दोष आपण गंजाला देतो, पण त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. त्यांना हवा नको असते, म्हणून तोडलेल्या उसाच्या बुडख्याने तळव्याला पडलेलं अरुंद, खोल भोक त्यांना मानवतं. त्यात हळद कोंबली तरी जंतू तळाशी तसेच राहतात. नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतात निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. मोठ्या माणसांनी मात्र मळकी जखम झाली आणि शेवटचा डोस घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं.