ड्रेन पंपाचा पंखा लूज असतो, तो मुद्दामच

आमच्या बेळगावकडं फ्रंट लोड वॉशिंग मशीन अडलं की त्यातल्या ड्रेन पंपाबद्दल, म्हणजे घाण पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाबद्दल, हमखास कानावर येतं, "पंपाचा पंखा लूज झालाय बघा, पंपच बदलूया." आत पाणी तुंबलेलं, पाणी जाईना म्हणून स्पिन नाही, दार लॉक, आणि खालून नुसता घूंऽऽ आवाज. पंप गेलेला असू शकतो, नाही असं नाही, पण पंखा लूज लागतो हे काही त्याचं लक्षण नव्हे, तो कंपनीतनंच तसा येतो आणि का येतो ते फार सुंदर आहे.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत थ्री-फेज मोटरी असतात. तीन फेज एकापाठोपाठ येतात म्हणून आतलं चुंबकीय क्षेत्रच गोल फिरतं आणि मोटर ठरलेल्या दिशेला निघते. घरात येते सिंगल फेज, तिचं क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होतं, सेकंदाला 50 आवर्तनं. सीलिंग फॅनला म्हणूनच कपॅसिटर लागतो. नेहमीच्या एसी ड्रेन पंपात तोही नसतो! यू आकाराच्या पत्र्यांच्या गठ्ठ्यावर दोन कॉइल, मध्ये फेराइट चुंबकाचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, बस्स. करंट आला की रोटर आधी थरथरतो, चिखलात रुतलेली गाडी मागं-पुढं करून काढतात तसा झोका वाढवत नेतो आणि एकदम 50 हर्ट्झशी जुळतो, मग मिनिटाला 3000 फेरे, ना कमी ना जास्त. दिशा मात्र ठरलेली नाही, डावीकडं निघेल नाहीतर उजवीकडं, म्हणून पंख्याची पाती सरळ ठेवलेली असतात, कुठंही फिरला तरी पाणी बाहेर पडतं.

खरी मेख सुरुवातीला आहे. अर्ध्या आवर्तनाला मिळतात फक्त 10 मिलिसेकंद, तेवढ्यात रोटरनं वेग पकडायचा आणि वर पाण्याचं ओझं. म्हणून पंखा रोटरला घट्ट न बसवता मध्ये थोडी मोकळीक ठेवतात, रोटर आधी रिकामा हलतो, वेग घेतो आणि मग पंख्याला धडकून त्याला सोबत घेतो. ही मोकळीक फेविक्विकनं चिकटवून टाकली तर चांगला पंपसुद्धा नुसता घुमत बसेल. पंख्यामागं केस किंवा साडीचा धागा गुंडाळला तरी तेच होतं, आणि व्होल्टेज डाऊन असेल तर आणखीच, कारण कॉइलची ओढच कमी पडते.

 

तर आधी प्लग काढा. पाणी गरम असेल तर निवू द्या, खालच्या बारक्या नळीनं परातीत सोडा, फिल्टर उघडा, टॉर्च मारून नाणी, पिना, बटणं काढा. मग बोटानं पंखा फिरवा. थोडा मोकळा, आणि पुढं दर अर्ध्या फेऱ्याला अडखळून ओढ घेतोय असा लागला तर चुंबक आणि जोड ठीक आहेत. लोण्यासारखा गरागरा फिरला तर मात्र जोड तुटलाय, पंप बदलाच. मल्टीमीटर असेल तर वायर काढून कॉइलचा रेझिस्टन्स बघा, 230 व्होल्टच्या बहुतेक पंपांत 100 ते 200 ओहमच्या आसपास येतो, काहीच दाखवेना तर कॉइल आतून तुटली. नव्या काही मशीनमध्ये डीसी पंप असतो, त्याला यातलं ओहमचं गणित लागू नाही.


फिल्टर परत लावताना रबर रिंगवर धागा राहिलेला नाही ना तेवढं बघा, नाहीतर तिथनंच पाणी झिरपतं.