बोटीच्या तळाचं काम: घाई आपली, वेळ पाण्याची

फायबरची बोट बाहेर काढली की ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "परत पाण्यात कधी?" उत्तर तळ बघितल्यावरच देता येतं.

बोट ओली असतानाच आम्ही तळ धुतो. तेव्हा शेवाळ आणि शिंपले पट्टीने सहज निघतात. वाळले की दगडासारखे बसतात. फोडही त्याच दिवशी खडूने गोल करून ठेवतो, कारण बारीक फोड बोट सुकताना बसतात आणि मग सापडत नाहीत.

फोड येतो तो आतून. जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरातून, पाणी हळूहळू झिरपतं, फायबर धरून ठेवणाऱ्या रेझिनमधले उरलेसुरले घटक त्यात विरघळतात, ते दाट पाणी आणखी पाणी ओढून घेतं आणि दाबाने जेलकोट फुगतो. फोडताना चष्मा लावा, चिळकांडी डोळ्यात जाते. पाणी चिकट असतं, वास व्हिनेगरसारखा. चार-दोन फोडांनी बोट बुडत नाही. ते उघडून, धुऊन, सुकवून इपॉक्सीची (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) लांबी, म्हणजे पुट्टी, भरली की झालं. सगळा तळ फोडांनी भरला असेल, तर मात्र जेलकोटच सोलावा लागतो.

मग सुकवणं. काम कमी, दिवस जास्त: कधी काही आठवडे, कधी महिने. पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने तळाला लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर ओल अजून आहे. अशा तळावर रंग चढवला तर फोड परत येणारच, आणि बोलणी आम्हाला बसणार.

भोक आरपार असेल तर कडा जाडीच्या 12 पट उतरती घासतो, म्हणजे 5 मिलिमीटर जाडीला चहूबाजूंनी 60 मिलिमीटर. मुठीएवढ्या भोकाची जागा ताटलीएवढी झालेली बघून घाबरू नका. आधी घरी इपॉक्सीने ठिगळ लावलं असेल तर जरूर सांगा. त्यावर पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही.

लांबी घासून झाली की इपॉक्सीचे चार-पाच हात, एकूण जाडी साधारण 250 मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर, होईपर्यंत. सुकलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने घासून धुवावा. थेट पॉलिश पेपर मारला तर तो आणखी पसरतो. इपॉक्सीचा शेवटचा हात बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, नेमक्या त्या वेळी शेवाळरोधक रंगाचा पहिला हात बसतो. तो आम्ही मुद्दाम वेगळ्या रंगाचा देतो: पुढे तो दिसू लागला की वरचा रंग झिजला समजा. पाण्याच्या रेषेवर आणि सुकाणूच्या पुढच्या कडेला एक हात जास्त.

बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या पट्ट्या आम्ही रंगवत नाही. रंगवल्या तर त्यांचं कामच थांबतं. इंजिनाचा पाय (पाण्यात राहणारा खालचा भाग) ॲल्युमिनियमचा असेल तर त्यावर तांबं असलेला शेवाळरोधक रंग चालत नाही, धातू खाल्ला जातो. जुना रंग कोरडा घासू नका, धूळ विषारी असते. पाणी मारत घासा. आणि जुन्या रंगाचा डबा रिकामा असला तरी सोबत आणा, वरचं नाव वाचूनच पुढचा रंग ठरतो.