ईजीएफआर आणि डीटीपीए स्कॅन: किडनी देणाऱ्याने कुठला आकडा धरायचा?

मुलाला किडनी द्यायला निघालेली अठ्ठेचाळीस वर्षांची आई. उंची दीडशे सेंटिमीटर, वजन 42 किलो. कोकणातल्या कुठल्याही वाडीत दिसेल अशी काटक बाई. तालुक्याच्या लॅबमधला रिपोर्ट सांगतो: क्रिएटिनिन 0.6, ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते त्याचा अंदाज) 111. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग मुंबईला डीटीपीए स्कॅन (गाळण्याचा तोच वेग कॅमेऱ्याने मोजणारी तपासणी) होतो आणि कागदावर 63 छापून येतं. तिथून घाबरे फोन सुरू होतात.

तिच्या किडनीला काहीही झालेलं नाही. हे दोन आकडे दोन वेगळ्या कामांचे आहेत, एवढंच.

ईजीएफआर हा अंदाज आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. रक्तात ते किती उरलं, यावरून वय आणि लिंग धरून एक सूत्र गाळण्याचा वेग काढतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी सीकेडी-एपीआय या संशोधक गटाचं 2021 चं सूत्र वापरतात. त्यात वजन नाही, उंची नाही, स्नायूही नाहीत. बारीक बाईच्या अंगात स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी तयार होतं. सूत्राला वाटतं, किडनी फारच जोरात काम करते आहे. उलट, ट्रॉलरवर जाळी ओढणाऱ्या पस्तिशीतल्या भक्कम खलाशाचं क्रिएटिनिन 1.2 आलं तर तेच सूत्र त्याला 81 वर आणून ठेवतं, प्रत्यक्षात त्याची किडनी उत्तम असली तरी. त्यात आदल्या रात्री मटण किंवा मासळीचं भरपेट जेवण झालं असेल तर आकडा आणखी बिघडतो, कारण शिजवलेल्या मांस-मासळीतलं क्रिएटिनिन थेट रक्तात उतरतं. तपासणीच्या आदल्या दिवशी सुरमई-बांगडा बाजूला ठेवा, आणि दाता जिमसाठी क्रिएटिनची पावडर घेत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

डीटीपीए स्कॅनमध्ये अंदाजाऐवजी मोजमाप असतं. टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ लावलेलं औषध (डीटीपीए) शिरेतून देतात आणि किडनी ते किती वेगाने उचलते हे गॅमा कॅमेरा पाहतो. किरणोत्सार थोडाच असतो, टेक्नेशियमचं अर्धं आयुष्य सहा तासांचं, आणि औषध लघवीवाटे निघून जातं. डावी किती आणि उजवी किती हे हा स्कॅन वेगळं सांगतो, जे कुठल्याही रक्ततपासणीला जमत नाही. 52-48 टक्के असा फरक आला तर काळजी नको. फरक मोठा असेल तर चांगली किडनी दात्याकडेच ठेवायची, हा नियम आहे.

पण मोजलेलं म्हणजे निर्विवाद, असंही नाही. कॅमेऱ्याची पद्धत किडनी त्वचेपासून किती खोल आहे हे उंची-वजनावरून ठरवते; तिथे चूक झाली, किंवा औषध शिरेबाहेर झिरपलं, की आकडा हलतो. त्यापेक्षा नेमकी पद्धत म्हणजे इंजेक्शननंतर काही तासांनी, ठरावीक अंतराने रक्ताचे नमुने घेऊन औषध किती उरलं हे मोजणं. तुमचा स्कॅन कोणत्या पद्धतीने झाला, हे निःसंकोच विचारा. रात्रभर कोकणकन्येत बसून, पाणी न पिता थेट स्कॅनला जाऊ नका. किती पाणी प्यायचं ते केंद्रालाच विचारा.

आता त्या 63 कडे येऊ. ईजीएफआर नेहमी 1.73 चौरस मीटर शरीरपृष्ठाच्या (शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या) हिशेबात असतो. आपल्या बाईचं शरीरपृष्ठ सुमारे 1.32. स्कॅनवरचा 63 हा तिच्या स्वतःच्या शरीराचा कच्चा आकडा असेल, तर 63 ला 1.73 ने गुणून 1.32 ने भागायचं. उत्तर येतं साधारण 82. म्हणजे खरी तुलना 111 आणि 82 ची, आणि मधलं अंतर मुख्यतः कमी स्नायूंमुळे. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायकाच जास्त आहेत, त्यातही अशा लहान चणीच्या. म्हणून फक्त ईजीएफआरवर दात्याला पास करणं मला धोक्याचं वाटतं. कच्चा आकडा पाहून दात्याला घरी पाठवणंही तितकंच चूक.

केडीगो या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात: 1.73 च्या हिशेबातला आकडा 90 किंवा जास्त असेल तर कार्यक्षमतेच्या बाजूने हरकत नाही, 60 च्या खाली दान नको, मधल्या पट्ट्यात माणूस बघून निर्णय. 82 हा मधला पट्टा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रक्तदाब, साखर आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) ठीक असेल तर डॉक्टर होकार देऊ शकतात. पंचविशीतल्या मुलीला तोच 82 आला तर जास्त विचार करायला हवा. तिला एका किडनीवर अजून कितीतरी वर्षं काढायची आहेत.

स्कॅन लगेच होत नसेल तर सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी मदत करते. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींतून येतं, त्यामुळे स्नायूंचा घोळ कमी. पण थायरॉइड आणि स्टेरॉइडचा परिणाम त्यावर होतो. चोवीस तासांची लघवी साठवण्याची तपासणी अजून चालते. एक वेळची लघवी डब्यात टाकायची राहिली तरी हिशेब चुकतो, आणि एरवीही ती थोडा जास्तच आकडा देते.

दानानंतर उरलेली किडनी काम वाढवते आणि एकूण गाळणी आधीच्या साधारण 60-70 टक्क्यांवर स्थिरावते. मग गावच्या लॅबमधल्या रिपोर्टवर ईजीएफआर कमी दिसणारच. म्हणून दानाआधीचा मोजलेला आकडा, त्याची पद्धत आणि तेव्हाची उंची-वजनं एका कागदावर लिहून फायलीत ठेवा, आणि वर्षातून एकदा क्रिएटिनिन, रक्तदाब, लघवी तपासायला जाल तेव्हा तो कागद प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसमोर ठेवा.