अंतर्कर्ण

अंतर्कर्ण हा पृष्ठवंशी प्राण्यांच्या कानाचा सर्वांत आतला भाग. माशांना बाह्यकर्ण आणि मध्यकर्ण नसतात. अंतर्कर्ण मात्र प्रत्येक पृष्ठवंशीयाला असतो. कान म्हटले की ऐकणे आठवते, पण या इंद्रियाचे जुने काम तोल सांभाळण्याचे आहे. ऐकण्याची क्षमता त्याच रचनेतून पुढे विकसित झाली.

कवटीच्या हाडातील पोकळीत पातळ पटलाच्या पिशव्या आणि नलिका असतात. त्यांच्या आतील द्रवात सोडियम कमी आणि पोटॅशियम भरपूर असते. पेशीबाहेरच्या द्रवात असे सहसा आढळत नाही, आणि सगळी किमया इथेच आहे. या द्रवात रोमपेशींचे, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या संवेदी पेशींचे, केसांसारखे सूक्ष्म रोम बुडालेले असतात. रोम त्यांच्यातील सर्वांत उंच रोमाच्या दिशेने वाकले की त्यांच्या टोकांवरील मार्ग उघडतात, पोटॅशियम आत शिरते आणि चेतातंतूंकडे संदेश जातो.

डोके वळले की अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव क्षणभर मागे राहतो आणि रोम वाकतात. जबडा असलेल्या प्राण्यांत परस्परांना जवळजवळ काटकोनात असलेल्या अशा तीन नलिका असतात; जबडा नसलेल्या माशांपैकी लँप्रीत दोन, हॅगफिशमध्ये एकच. गुरुत्वाची आणि सरळ रेषेतल्या गतीची जाणीव पिशव्यांमधील कॅल्शियम कार्बोनेटच्या खड्यांमुळे होते. बहुतेक माशांत हे खडे मोठे असतात आणि त्यांवरील वलये मोजून माशाचे वय ठरवता येते. माणसात ते सूक्ष्म स्फटिकांच्या रूपात असतात. ते सुटून नलिकेत शिरले, तर कूस बदलतानाही गरगरते.

सस्तन प्राण्यांत ऐकण्याचे काम शंखासारख्या कर्णावर्ताकडे असते. माणसात त्याला सुमारे अडीच वेढे असतात आणि उलगडल्यास लांबी साधारण ३५ मिमी. भरते. पक्षी व मगरींत ही नलिका जवळपास सरळ असते. कर्णावर्तातील पडदा तळाशी अरुंद व ताठ, तर टोकाला रुंद व लवचीक असतो. त्यामुळे उच्च स्वर तळाशी आणि खर्जातले स्वर टोकाकडे सर्वाधिक कंप निर्माण करतात. पडद्यावरून सरकणारी ही लाट दाखवून दिल्याबद्दल शास्त्रज्ञ गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या एका कर्णावर्तात सुमारे ३,५०० आतील आणि १२,००० बाहेरील रोमपेशी असतात. आतील पेशी मेंदूला आवाज कळवतात, तर बाहेरील पेशी आखडून-लांबून क्षीण कंपने वाढवतात. मासे आणि पक्ष्यांमध्ये नष्ट झालेल्या रोमपेशी पुन्हा तयार होतात. प्रौढ सस्तन प्राण्यांच्या कर्णावर्तात तसे होत नाही, म्हणून कर्कश आवाजाने या पेशी मेल्या की आलेला बहिरेपणा कायमचा असतो.