अभिलेखागारातील विद्यार्थी-इंटर्नशिप

इतिहास, ग्रंथालयशास्त्र, अभिलेखशास्त्र किंवा तत्सम विषयांच्या विद्यार्थ्याने ठरावीक मुदतीसाठी, अनुभवी अभिलेखपालाच्या देखरेखीखाली अभिलेखागारात, म्हणजे जुनी कागदपत्रे जपणाऱ्या संस्थेत, केलेले प्रत्यक्ष काम. मुदत बहुधा एका सत्राची किंवा मोठ्या सुट्टीची असते. पदव्युत्तर अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक असतील, तर १२० ते १५० तासांची अट पुष्कळ ठिकाणी आढळते. स्वयंसेवक संस्थेला हातभार लावायला येतो. इंटर्न शिकायला येतो आणि त्याच्या शिकण्याची जबाबदारी संस्थेने पत्करलेली असते. हा फरक पुसला गेला की विद्यार्थी महिनोन्महिने खोकी हलवत आणि छायाप्रती काढत बसतो आणि प्रमाणपत्र घेऊन निघून जातो. त्याला इंटर्नशिप म्हणणे योग्य नाही.

अभिलेखपालाचे शिक्षण वर्ग आणि दप्तरखाना या दोन्ही ठिकाणी व्हावे लागते, ही जाणीव जुनी आहे. जुनी कागदपत्रे वाचणारी व सांभाळणारी माणसे घडवण्यासाठी पॅरिसमध्ये १८२१ साली एकोल दे शार्त ही संस्था स्थापन झाली. एका व्यक्तीचे किंवा कार्यालयाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हे मूलस्थानाचे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ च्या परिपत्रकाने रूढ केले. कागद निर्माण करणाऱ्याने लावलेला मूळ क्रम मोडायचा नाही, हे दुसरे तत्त्व १८९८ मध्ये म्युलर, फाइट आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी शंभर नियमांच्या आपल्या हस्तपुस्तिकेत नीट मांडले. दोन्ही तत्त्वे पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. ती हातात उतरायला मात्र कागदांचा गठ्ठाच समोर लागतो.

समजा, एखाद्या संस्थेच्या चिटणिसाचा पत्रव्यवहार विद्यार्थ्यापुढे ठेवला. वरचे पत्र १९३१ चे, त्याखालचे १९२८ चे, त्याखाली तारीख नसलेली एक चिठ्ठी आणि मग पुन्हा १९३१. पहिली ऊर्मी येते ती सगळे तारखेप्रमाणे लावून टाकण्याची. मार्गदर्शक शेजारी असेल तर तो तिथेच थांबवतो आणि टाचण्यांची भोके पाहायला सांगतो. चारही कागदांची भोके एकमेकांवर बरोबर बसतात. म्हणजे १९३१ मध्ये जुना वाद पुन्हा निघाला, चिटणिसाने १९२८ चे पत्र काढून जोडले, त्यावर चिठ्ठीत आपला शेरा लिहिला आणि उत्तराची नक्कल वर ठेवली. चिठ्ठीवर नाव नाही, विषयही नाही. तिचा अर्थ केवळ तिच्या जागेत आहे. तारखेचा क्रम लावला असता तर ती ‘तारीख नाही’ या पाकिटात जाऊन कायमची मुकी झाली असती. मूळ क्रम कशाला म्हणतात, हे या विद्यार्थ्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

म्हणून इंटर्नशिपचे यशापयश बरेचसे विद्यार्थी दारात येण्याआधीच, कामाच्या निवडीत ठरते. निवडलेला संग्रह छोटा असावा, पण पूर्ण असावा: आरंभापासून शोधसूचीपर्यंतचा, म्हणजे संग्रहात काय कुठे आहे हे सांगणाऱ्या यादीपर्यंतचा, सगळा प्रवास मुदतीत संपेल इतका. अवाढव्य संग्रहाचा मधलाच तुकडा दिला, तर विद्यार्थी नावांची यादी करायला शिकतो आणि त्या यादीचा उपयोग काय हे त्याला कळतच नाही. संग्रहाची मालकी आणि देणगीचा करार स्पष्ट असलेला बरा. कागद ज्या भाषेत व लिपीत आहेत ती विद्यार्थ्याला वाचता येते ना, हेही आधी पडताळावे. ही साधी गोष्ट आश्चर्य वाटावे इतक्या वेळा राहून जाते. बुरशी लागलेली खोकी आणि नायट्रेट फिल्म नवख्याच्या हाती देऊ नयेत. पहिली आरोग्याला घातक, दुसरी ज्वालाग्राही.

कामाचा अंदाज बांधताना २००५ मध्ये मार्क ग्रीन आणि डेनिस माइसनर या अमेरिकी अभिलेखपालांनी मांडलेला विचार उपयोगी पडतो. प्रत्येक टाचणी काढत आणि प्रत्येक कागद सरळ करत बसल्याने अभिलेखागारांत न उघडलेल्या संग्रहांचे ढीग साचतात, असे त्यांचे म्हणणे होते. विसाव्या शतकातील मोठ्या संग्रहांसाठी एका घनफुटाला, म्हणजे साधारण एका मोठ्या खोक्याला, चार तास हे माप त्यांनी सुचवले. हे माप अनुभवी हातांसाठी आहे. शिकाऊ विद्यार्थ्याला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो आणि तो मिळायलाच हवा. तरीही दोघांचा मूळ प्रश्न त्याच्यापुढे ठेवावा: या संग्रहाला किती बारकाईची गरज आहे? उत्तर ठरवताना त्याला चर्चेत बसवले, तर तो हुकूम पाळणाऱ्या कारकुनासारखा न वागता अभिलेखपालासारखा विचार करू लागतो.

पहिला आठवडा हाताळणीचा. वाचनकक्षात आणि कामाच्या टेबलावर फक्त पेन्सिल. कागदाला स्वच्छ, कोरडे हात. छायाचित्रांना आणि निगेटिव्हना नायट्रिलचे हातमोजे. सुती मोज्यांत बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि जीर्ण कडा फाटतात, म्हणून पुष्कळ संस्थांनी कागदासाठी ते सोडले आहेत. गंजलेली टाचणी ओढून काढायची नसते. कागद सपाट ठेवून, टाचणी आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून ती हलकेच मोकळी करायची. भरलेले खोके पंधरा किलोंच्या आसपास जाते, तेव्हा ते कसे उचलायचे हेही दाखवावे लागते.

यानंतर संग्रहाची पाहणी, मांडणीचा लेखी आराखडा, आम्लमुक्त फोल्डर व खोकी, आणि मग वर्णन. वर्णनासाठी आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेचा आयसॅड-जी हा मानदंड वापरतात. तो प्रथम १९९४ मध्ये आला आणि त्याची दुसरी आवृत्ती २००० मध्ये निघाली. त्यातील २६ घटकांपैकी संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, कालखंड, व्याप्ती आणि वर्णनाची पातळी (पूर्ण संग्रह, फोल्डर की एकच कागद) हे सहा देवाणघेवाणीसाठी आवश्यक मानले जातात. विद्यार्थ्याला खरे झुंजवतो तो निर्मात्याचा परिचय आणि आशयाचा गोषवारा. शंभर फोल्डर पाहून झाल्यावर चार ओळींत काय लिहायचे, काय वगळायचे आणि कोणता शब्द तटस्थ, हे ठरवायला निबंधलेखनाहून वेगळी शिस्त लागते. मसुदा तीन-चारदा परत आला तरी हरकत नाही. तो लाल खुणांसह आणि कारणांसह परत आला पाहिजे.

मार्गदर्शकाचा वेळ हा इंटर्नशिपचा सर्वांत मोठा खर्च असतो आणि नेमका तोच अंदाजपत्रकात धरलेला नसतो. सुरुवातीला रोज आणि पुढे आठवड्यातून किमान एकदा ठरलेल्या वेळी बसणे, हे कामाच्या पत्रकात लिहिलेले असावे. जिला तेवढी फुरसत नाही अशा संस्थेने त्या वर्षी विद्यार्थी घेऊ नये. ‘मनुष्यबळ कमी आहे, म्हणून इंटर्न घेऊ’ हा विचार उलट्या दिशेचा आहे, कारण नवा माणूस शिकवताना पहिले काही आठवडे संस्थेचे काम मंदावतेच. विद्यापीठातील प्राध्यापक, संस्था आणि विद्यार्थी यांच्यात लेखी करार असावा. त्यात काय शिकायचे, काय तयार करायचे, तास किती आणि मूल्यमापन कोण करणार हे नमूद करावे. मूल्यमापन अर्ध्या मुदतीतही व्हावे. शेवटच्या दिवशी कळलेली उणीव सुधारता येत नाही.

मोबदल्याचा प्रश्न टाळून चालत नाही. बिनपगारी इंटर्नशिप ज्याच्या घरची ऐपत आहे त्यालाच परवडते आणि पुढे या व्यवसायात कोण येणार हे तिथेच ठरून जाते. कोणाचा भूतकाळ जपला जाईल यावरही त्याचा परिणाम होतो. अमेरिकेच्या कामगार खात्याने जानेवारी २०१८ पासून सात निकषांची कसोटी स्वीकारली आहे. या व्यवहारात मुख्य लाभ विद्यार्थ्याचा की संस्थेचा, हे तिच्यात पाहिले जाते. इंटर्नच्या कामाने पगारी कर्मचाऱ्याची जागा भरली जाते का, हा तिच्यातील एक निकष. कसोटी तिथल्या नफ्यासाठी चालणाऱ्या मालकांपुरती असली, तरी प्रश्न कुठल्याही अभिलेखागाराने स्वतःला विचारावा असाच आहे. विद्यावेतन शक्य नसेल तर श्रेयांक, प्रवासखर्च, सोयीच्या वेळा आणि कामाचे जाहीर श्रेय एवढे तरी द्यावे. शोधसूचीत ‘मांडणी व वर्णन’ या शीर्षकाखाली विद्यार्थ्याचे नाव छापायला काहीच खर्च येत नाही आणि नोकरीच्या अर्जासोबत दाखवायला त्याच्याजवळ ठोस काम राहते.

गोपनीयतेबद्दल सुरुवातीलाच बोलावे. वैद्यकीय नोंदी, शाळेचे दाखले, कौटुंबिक पत्रे यांत हयात माणसांची माहिती सापडते. असा कागद दिसला की काढून न टाकता, क्रम न मोडता खूण करायची आणि मार्गदर्शकाला दाखवायचा. छायाचित्र काढून मित्रांना पाठवायचे नाही. अत्याचार, युद्ध किंवा वंशविद्वेष यांच्या नोंदी दिवसेंदिवस वाचून विद्यार्थी खचू शकतो. कामाची अदलाबदल करण्याची मुभा आणि त्याविषयी न लाजता बोलता येईल असे वातावरण त्याला मिळायला हवे.

२०२० च्या साथीनंतर घरी बसून करायच्या इंटर्नशिपही वाढल्या: लिप्यंतर, छायाचित्रांची वर्णने, जुन्या सूचींची सुधारणा, संकेतस्थळांचे जतन. दूर राहणाऱ्यांना आणि जिने चढणे ज्यांना अवघड त्यांना त्या सोयीच्या आहेत. मात्र टाचणीची भोके पडद्यावर क्वचितच दिसतात. शक्य असेल तिथे काही दिवस तरी प्रत्यक्ष दप्तरखान्यात घालवावेत.

जाताना विद्यार्थ्याने हस्तांतर टिपण लिहायचे असते: कोणते फोल्डर पूर्ण, कोणते अर्धवट, कोणता निर्णय कोणत्या कारणाने घेतला, कोणती शंका अजून सुटलेली नाही. हे टिपण संग्रहाच्या प्रशासकीय फाइलीत कायम ठेवतात. सूची प्रसिद्ध होण्याआधी मार्गदर्शक त्यावरून शेवटची तपासणी करतो आणि सूची खुली झाल्याचे विद्यार्थ्याला कळवतो.